खाऊ कुठल्या क्षणी द्यायचा? खोंड, घोडी आणि दुभत्या जनावरांना न मारता शिकवण्याची पद्धत

बेंदराला बैलाच्या तोंडात पुरणपोळी घालणारा आपला भाग. खटाव-माण असो की आटपाडी-जत, जनावराला जीव लावण्यात इथला शेतकरी कुणाला हार जायचा नाही. तरी त्याच खिलार खोंडाला लाळ्या-खुरकुताची लस टोचायची म्हटलं की चार गडी लागतात, दोन कासरे लागतात आणि गोठ्यात आरडाओरडा होतो तो वेगळाच. तिकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हौशी पाहुणे घोड्यांना गाजरं भरवतात, आणि तोच घोडा पुढच्या माणसाच्या खिशात तोंड खुपसतो, नाही मिळालं तर चावतो.

म्हणजे खायला घालण्यात आपण कमी पडत नाही. चुकतं ते वेळेत. जनावर ज्या क्षणी जे करत असेल, त्याचंच खाणं मिळालं असं ते धरून चालतं. खिसा हुंगताना गाजर मिळालं, की खिसा हुंगणं पक्कं झालं. या लेखात फक्त तो क्षण कसा पकडायचा आणि त्यावर एकेक काम कसं बसवायचं, ते सांगतो.

थोडं आधी समजून घ्यायचं

अमेरिकेतल्या एडवर्ड थॉर्नडाइकनं १८९८ साली मांजरांना कडीच्या पेटीत ठेवून पाहिलं. बाहेर मासा. धडपडीत कधीतरी कडी निघायची, आणि पुढच्या खेपांना मांजर ती हळूहळू लवकर काढू लागायचं. ज्या हालचालीनंतर चांगलं घडतं ती हालचाल टिकते, हा त्याचा निष्कर्ष. पुढे बी. एफ. स्किनरनं यावर आयुष्यभर काम केलं. डॉल्फिन शिकवणाऱ्यांनी ही पद्धत पुरती वापरली, कारण डॉल्फिनला वेसण घालता येत नाही की चाबूक दाखवता येत नाही. रागावलात तर तो पोहत लांब जातो, विषय संपला. म्हणून शिट्टी आणि मासा. तिथून ती कुत्र्यांत आली आणि घोड्यांत आली.

आपली जुनी पद्धत वेगळी. लगाम ताणायचा, घोडं वळलं की ढिला सोडायचा. त्रास थांबणं हेच बक्षीस. नीट हात असेल तर याने काम होतं, मी तिला सरसकट नावं ठेवत नाही. पण यात जनावर त्रास चुकवण्यापुरतंच शिकतं, आणि हात बिघडला की त्रास देणारा माणूस कोण हेही शिकतं. खिलार तर मुळातच तापट आणि एका माणसाच्या हाताचं जनावर. त्याला एकदा पराणी टोचलेला माणूस ते वर्षानुवर्षं विसरत नाही.

शर्यतीवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. काठी, चाबूक, शॉक यांना मनाई आहे. तेव्हा हाकेवर आणि हौसेवर चालणारं जनावर तयार करणं आता नुसती भूतदया राहिलेली नाही.

काय द्यायचं, किती द्यायचं

लहान, लगेच गिळता येणारं आणि रोजच्या खुराकातून वजा केलेलं. हे तीन नियम पाळले की निम्मं काम झालं.

गाय-बैलाला मूठभर सरकी पेंड किंवा मक्याचा भरडा, अधूनमधून गुळाचा बोराएवढा खडा. पाच मिनिटांच्या धड्यात पंधरा-वीस वेळा द्यावं लागतं, म्हणून मूठ लहानच ठेवा आणि तेवढी पेंड संध्याकाळच्या पाटीतून कमी करा. भरडा आणि गूळ हात सैल सोडून दिलात तर पोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद पडतं आणि रात्री डॉक्टर शोधायची वेळ येते.

घोड्याचं निराळं आहे. गाजर गोल चकत्या करून देऊ नका, नरड्यात अडकतं. उभ्या, बोटाएवढ्या फोडी करा. लसूण घासाच्या चार काड्याही पुरतात. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, जास्त झाली तर खुरांत दाह होऊन घोडं लंगडतं, म्हणून तीही मोजून. आणि गाईंची गोळी पेंड घोड्याला चारू नका. काही तयार पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते गाईला चालतं आणि घोड्याचा जीव घेतं. सुबाभळीचा पालाही नको, आयाळ आणि शेपटीचे केस गळायला लागतात. शेळ्यांना मात्र शेवरीचा पाला नाहीतर बाभळीच्या वाळल्या शेंगा दिल्या की त्या तुमच्या मागे शेजारच्या गावापर्यंत येतील.

उपाशी जनावराला शिकवायला घेऊ नका. भुकेलं जनावर शिकत नाही, ओरबाडतं. घोड्याचं पोट लहान, निसर्गात ते दिवसभर थोडंथोडं चरणारं. आधी वैरण टाका, अर्ध्या तासाने धडा.

खूण ठरवायची

खोंडाने मान स्थिर ठेवली तो क्षण आणि तुमचा हात त्याच्या तोंडाशी पोचला तो क्षण, यांत दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात त्यानं मान हलवलेली असते. म्हणून मध्ये एक आवाज हवा, ज्याचा अर्थ एकच: आत्ता केलंस ते बरोबर, खाणं येतंय.

परदेशी पुस्तकांत यासाठी हातातली टकटक करणारी डबी सांगतात, किंवा जिभेनं टक् वाजवायला सांगतात. आपल्याकडे जिभेचा आवाज चालणार नाही. टांगेवाल्यापासून औतवाल्यापर्यंत सगळे जिभेनं टक्-टक् किंवा च्यक्-च्यक् करूनच जनावर हाकतात, त्याचा अर्थ ‘चल’ असा आधीच बसलेला आहे. ‘हां’ पण नको, तो शब्द माणूस फोनवर दिवसभर म्हणतो. गोठ्यात कुणी एरवी उच्चारत नाही असा तोकडा शब्द घ्या. मी ‘टिंग’ वापरतो. सुरुवातीला शेजारचे हसले. “आप्पा, जनावराला काय शाळंत घालताय व्हय?” असं बांधावरून विचारूनही झालं. चालायचंच. ज्याला लाज वाटते त्याने बटणाचं पेन वाजवावं, पण उघड्या रानात वारं असलं की ते ऐकू जात नाही.

पहिल्या दिवशी एवढंच: जनावर शांत उभं आहे, ‘टिंग’, लगेच मूठ. पंधरा वेळा. मध्ये गव्हाण किंवा कुंपणाची फळी असू द्या. आधी आवाज, मग हात हलवायचा. दोन्ही एकदम केलंत तर ते हाताकडे बघतं, आवाज ऐकतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आवाजाबरोबर कान टवकारून तोंड तुमच्याकडे आलं, की समजा खूण बसली.

पहिला धडा: तोंड बाजूला

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बहुतेक लोक हा धडा वगळतात आणि मग “खाऊ दिल्याने जनावर लाडावतं, चावरं होतं” असं म्हणतात. लाडावतं ते हा धडा न दिल्यामुळे.

घोडी कुंपणापलीकडे. तुम्ही तिच्या खांद्याजवळ, ती बघते त्याच दिशेला तोंड करून उभे, गाजराच्या फोडी कमरेच्या पिशवीत. ती तोंड आणेल, पिशवीला नाक लावेल, ओठ चाळवेल. ढकलू नका, ओरडू नका, काहीच करू नका. हाताची घडी घाला. ती आणखी जोरात हुंगेल, बाहीला दात लावून बघेल. फारच अंगावर आली तर एक पाऊल मागे जा, पण फोड देऊ नका. मग कंटाळून ती मान क्षणभर सरळ करेल, कदाचित रस्त्यावरून गाडी गेली म्हणून. तोच क्षण. ‘टिंग’. आणि फोड द्यायची ती तिच्या हनुवटीखाली, हात पूर्ण लांब करून, तिचं तोंड तुमच्या अंगापासून दूर जाईल अशा जागी.

कारण जनावर जिथं खाणं मिळतं तिथंच तोंड ठेवतं. पोटाशी धरून दिलंत तर तोंड पोटाशी येणार. तळहात सपाट, बोटं जुळवलेली. घोड्याला स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही, ते ओठांनी आणि मिशांनी चाचपत घेतं. बोटं चावली जातात ती बहुतेकदा वाईट स्वभावामुळे नव्हे, यामुळे. मूल असेल किंवा घोडं हावरट असेल तर सरळ घमेल्यात टाका नाहीतर तोबरा वापरा.

पुढे एक सेकंदाची मान दोन सेकंदांवर न्या, मग पाच. मध्येच एकदा जुनी सवय उसळी घेते, आठवडाभर गुणी असलेली घोडी अचानक पिशवीला हिसका देते. हे ठरलेलं आहे. आधी मिळायचं ते बंद झालं की सोडून देण्यापूर्वी जनावर एकदा जोर लावून बघतंच. त्या दिवशी कुणी दयेनं एक फोड दिली, तर जोर लावायचं शिक्षण पक्कं झालं म्हणून समजा. घरातल्या म्हातारीला आणि पोरांना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. भाकरी द्यायची असेल तर त्यांनीही घमेल्यातच टाकायची.

झाकणाला नाक लावणे

पुस्तकात इथे काठीच्या टोकाला चेंडू लावायला सांगतात. ज्याने काठी खाल्ली आहे ते जनावर काठी बघून मागे सरतं, म्हणून काठी नको. डब्याचं मोठं झाकण घ्या, निळं नाहीतर पिवळं. घोडा आणि गाय-बैल दोघांनाही लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, गवतावर लाल झाकण हरवून जातं. (बैल लाल रंगाला चिडतो ही समजूतही त्यातच गेली.)

झाकण नाकापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा. घोड्याच्या कपाळासमोर अगदी मधोमध धरू नका, तिथं त्याला दिसत नाही. कुतूहलाने हुंगलं की ‘टिंग’, खाऊ. मग झाकण थोडं डावीकडे, थोडं खाली, दोन पावलं पुढे. एवढ्यावर वेसण न ओढता खोंड दावणीतून हौदापर्यंत येतो, घोडी पाठीमागे सरकते, म्होरकी घालून घ्यायला मान खाली करते. पुढची सगळी कामं याच्यावरच उभी राहतात.

सुई

राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी असते. म्हणजे दोन फेऱ्यांत भरपूर दिवस हाताशी आहेत, आणि रोज पाच मिनिटं पुरतात. पायऱ्या अशा:

१. मानेवर, जिथं टोचतात तिथं हात ठेवायचा. कातडी थरथरली नाही, तर ‘टिंग’ आणि मूठ.
२. तिथली कातडी चिमटीत धरायची, सोडायची.
३. स्पिरिटचा बोळा फिरवायचा. हा वास खोंडाच्या डोक्यात सुईबरोबर बसलेला असतो, तो एरवीच्या दिवशीही येऊ द्या.
४. टोपण लावलेली सिरिंज अंगाला टेकवायची, मग टोपणाने किंचित दाबायचं.
५. हेच सगळं शेजारच्या अनोळखी माणसाकडून करून घ्यायचं. पँट-शर्ट, बूट घातलेला असेल तर उत्तम.
६. शेवटी डॉक्टरांची खरी सुई, आणि लगेच भली मोठी ओंजळ.

यात एक गोष्ट उलटी झाली तर सगळं फसतं. खाणं सुईच्या आधी दाखवायचं नाही. आधी मूठ पुढे केली आणि ते खात असताना टोचलं, की पुढच्या वेळी पेंडीची मूठच धोक्याची खूण होते. मग ते जनावर तुमच्या हातची पेंडच खायचं सोडतं. आधी स्पर्श, मग आवाज, मग खाणं, हाच क्रम. खऱ्या सुईला खोंड उडाला तरी ओंजळ द्या. त्या क्षणी शिकवायचं नसतं, आठवण गोड करायची असते. आणि दुसऱ्या दिवसापासून नुसत्या स्पर्शाचे धडे पुन्हा सुरू.

प्रत्येक पायरीवर जनावराकडे बघा. कान मागे चिकटलेले, डोळ्याचं पांढरं दिसतंय, शेपूट आखडलेलं, मध्येच पातळ शेण टाकलं, तर तुम्ही घाई केली आहे, एक पायरी मागे या. घोड्याचा खालचा ओठ सैल पडला, डोळे मिचकावले, जबडा चाळवला, तर पुढे जायला हरकत नाही.

दवाखान्यातल्या खोड्याचं, म्हणजे जनावर अडकवून उभं करायच्या चौकटीचंही असंच. जमलं तर लस नसलेल्या दिवशी जनावर घेऊन जा, दोन्हीकडून उघड्या खोड्यातून झाकणामागे चालवा, आत पेंड द्या, बाहेर काढा. खोड्यात दर वेळी काहीतरी दुखतंच असं नाही, हे त्याला कळू द्या.

खूर उचलणे

नालबंद साधारण दीड-दोन महिन्यांनी येतो. घोडं त्याच्याशी कुस्ती खेळत असेल तर दोष त्याचा नाही, पाय देणं शिकवायचं काम मालकाचं. खांद्याजवळ बाजूला उभे राहा, गुडघे टेकून बसू नका. हात खांद्यापासून खाली सरकवत आणा. घोड्याने नुसता भार दुसऱ्या पायावर टाकला तरी पहिल्या दिवशी ‘टिंग’. मग टाच उचलली तर. मग खूर हातात एक सेकंद. त्याने हिसका द्यायच्या आधी तुम्हीच पाय खाली ठेवा. हिसका दिल्यावर सोडलात तर हिसका शिकवलात. पुढचे दोन्ही पाय झाल्याशिवाय मागच्याला हात नको, आणि शेवटी खुराला लाकडाचा तुकडा हलके ठोकून त्या आवाजाची सवय लावा. धनगरवाड्यांची भीमथडी तट्टं स्वभावाने सोशिक, पटकन शिकतात. वरातीत डीजेपुढे नाचवलेलं घोडं विकत घेतलं असेल तर दुप्पट वेळ धरा.

पहिलारू गाय लाथा मारते तेव्हा

आधी सड बघा. कासदाह असेल, सड चिरला असेल, तर कुठलीही पेंड उपयोगाची नाही, डॉक्टर बोलवा. हे सगळ्याच जनावरांना लागू: चांगलं असलेलं जनावर एकाएकी बिघडलं तर आधी दुखणं शोधायचं.

दुखणं नसेल तर न्याणा (मागचे पाय बांधायची दोरी) घालून ओढाताण करण्याआधी हे ध्यानात घ्या, की भ्यालेल्या गाईचा पान्हा अडतो. भीतीचं ॲड्रेनॅलिन पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनला काम करू देत नाही. आपण म्हणतो गाय पान्हा चोरते. ती बिचारी घाबरलेली असते. शक्यतो व्यायच्या आधी महिनाभर कालवडीच्या पाठीवरून, मांडीवरून, कासेपर्यंत हात न्यायची सवय लावा. पाय जमिनीवर राहिला की ‘टिंग’. एकटा माणूस कासेपाशी बसून तोंडाशी पेंड देऊ शकत नाही, तेव्हा दुसरं कुणीतरी पुढे उभं असावं आणि त्याने आवाज ऐकला की मूठ टाकावी. घरातलं शाळकरी पोरगं या कामाला फार चांगलं, त्याची वेळ मोठ्यांपेक्षा नेमकी असते.

पिकअपमध्ये चढवणे

पुसेगावच्या सेवागिरी यात्रेला नाहीतर खरसुंडीच्या पौषी बाजाराला जायच्या दिवशी सकाळी हा धडा सुरू करून उपयोग नाही. पंधरा दिवस आधी गाडी दारात उभी करा. फळी हलत नाही ना ते बघा, वर पोतं टाका, खूर घसरला की विश्वास गेला. झाकणामागे एक खूर फळीवर, खाऊ, परत खाली. उतरणं चढण्याइतकंच शिकवा. ज्याला खाली येता येतं ते जनावर वर जायला कमी भितं. उजेडातून अंधाऱ्या हौद्यात जायला जनावर कचरतं, म्हणून वरची ताडपत्री काढा, लोंबती दोरी आणि चमकणारी साखळी बाजूला करा.

मागून रेटू नका. जनावराच्या खांद्याची रेघ ही सीमा धरा: त्या रेघेच्या मागे पाऊल टाकलं की ते पुढे सरतं, पुढे टाकलं की मागे. अगदी ढुंगणामागे उभे राहिलात तर त्याला तुम्ही दिसतच नाही, आणि लाथेची सोय होते.

शेळ्या-मेंढ्यांना एवढं काही लागत नाही. बादलीत मूठभर दाणे खळखळवून एकच हाक द्यायची, रोज त्याच सुरात. माडग्याळ मेंढ्यांचा कळप आठवड्याभरात बादलीमागे धावतो. फक्त औषध पाजायच्या दिवशी तीच हाक वापरू नका.

कुठे हात आखडायचा

वळू, आणि बाटलीच्या दुधावर माणसांत वाढवलेला नर, यांच्याशी कितीही गट्टी असली तरी धडा फळीपलीकडूनच. अशा नराला माणसाची भीडच नसते. धडे तीन ते पाच मिनिटांचे, दिवसातून दोन. जमलं त्यावर थांबायचं. कामाची सवय पक्की झाली की दर वेळी खाणं लागत नाही, कधी मूठ, कधी खरारा, कधी मानेखाली खाजवणं चालतं. पण सुई आणि नाल यांचं खाणं कायम ठेवा. तिथं बचत महाग पडते.

आणि जनावर बाजारात विकाल तेव्हा गिऱ्हाईकाला दातांबरोबर हेही सांगा: शब्द कुठला, झाकण कुठल्या रंगाचं, खाणं कुठून द्यायचं. झाकण तर दाव्यालाच बांधून द्या. नाहीतर तो प्रेमाने खिशातून गूळ काढेल आणि पुढच्या बाजाराला घोडी चावते म्हणून तुमच्याच दारात येईल.